आमच्या घरातली दुसरी डिग्री

सध्या आपल्या होस्टेलवर एकच विषय चालू आहे. मेसच्या रांगेत, नळावर, झेरॉक्सच्या दुकानात, जिथे जाल तिथे प्लेसमेंट. कुणाचा अ‍ॅप्टिट्यूड गेला, कुणाचा जीडी बसला, कुणाला किती पॅकेज मिळालं, याची बित्तंबातमी नोटीस बोर्डाच्या आधी मेसच्या मावशींना असते. आम्ही सिव्हिलवाले. आमच्याकडे कंपन्या सगळ्यात शेवटी येतात आणि आल्या तरी "साईटवर राहायची तयारी आहे ना?" एवढंच विचारतात. असो. त्याचं रडगाणं या अंकात दुसरं कुणीतरी गाईलच.

मला लिहायचं आहे ते आमच्या घरातल्या दुसऱ्या डिग्रीबद्दल. माझी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिनं एम.एस.डब्ल्यू. केलं, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. हे सांगितलं की समोरच्याचे दोनच प्रश्न असतात. पहिला, "म्हणजे एमबीएसारखं का?" आणि दुसरा, "त्याला स्कोप आहे का?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. अण्णा लातूरच्या मार्केटात एका अडत दुकानावर मुनीम आहेत. त्यांचं सगळं आयुष्य पट्ट्या लिहिण्यात आणि हिशोब जुळवण्यात गेलं. ताईनं तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं, समाजशास्त्र घेऊन. त्यानंतर गावातल्या मुलींपुढे असतात तेच रस्ते तिच्यापुढे होते. पोलीस भरतीसाठी उंची कमी पडली. बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघत बसलेल्या दोन चुलत बहिणी डोळ्यांसमोर होत्या. तिसरा रस्ता लग्न. त्या उन्हाळ्यात तिच्या एका प्राध्यापिका बाईंनी तिला एम.एस.डब्ल्यू.चं सुचवलं आणि घरात चर्चासत्र सुरू झालं.

अण्णांचा मुद्दा सरळ होता. "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागतीय गं? आपल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षानं कोणती डिग्री घेतलीय? गावात कुणी मेलं तर सगळ्यात आधी तोच पळतोय ना?"

प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे समाजसेवा म्हणजे रक्तदान शिबिर, वृक्षारोपण आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्याला अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, हे सहसा कुणाला माहीत नसतं. वास्तविक हा अभ्यासक्रम आपल्या राज्यात फार जुना आहे. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी ही भारतातली पहिली संस्था. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली, जिला आपण 'टिस' म्हणतो. १९४६ मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की पेशंटला औषध देऊन भागत नाही, तो घरी जाऊन ते औषध घेणार कसा हेही कुणीतरी बघायला पाहिजे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. टिसचं ग्रामीण केंद्र तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, तुळजापूरला, १९८६ पासून आहे.

ताईला टिसला प्रवेश मिळाला नाही. मिळाला तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका छोट्या कॉलेजात. हे कॉलेज मी पाहिलं आहे. दुमजली इमारत, समोर ऑइल मिल, मागे बाभळी. वर्गात चाळीस मुलं-मुली. लायब्ररी म्हणजे एक खोली आणि त्यात तीन कपाटं, त्यातलं एक कायम कुलपात. कायम प्राध्यापक तीन, बाकीचे तासिका तत्त्वावर. आपल्याकडे वर्कशॉप आहे, सर्व्हेइंगची लॅब आहे, यूटीएम मशीन आहे. (चालू असो वा नसो, आहे!) त्यांच्याकडे लॅब म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताईला विचारलं, "प्रॅक्टिकल कुठं करता तुम्ही?"

ती म्हणाली, "बाहेर."

आणि ते खरंच होतं. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे फील्डवर्क. पहिल्या वर्षी तिला एक झोपडपट्टी मिळाली, दुसऱ्या वर्षी एक सरकारी हॉस्पिटल. दिवसभर तिथं जायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन जे झालं ते सगळं रेकॉर्डमध्ये लिहायचं, आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शक सरांसमोर एकटीनं बसून त्यावर बोलायचं. आपण जर्नल कशी लिहितो हे मी इथं लिहीत नाही, संपादक मंडळात दोन सर आहेत. पण ताईला कुणाचं जुनं रेकॉर्ड उतरवून काढणं शक्यच नव्हतं. ती ज्या घरी गेली त्या घरी मागच्या वर्षीची मुलगी गेलेलीच नव्हती. शिवाय चाळीसच मुलं असल्यामुळे सरांना प्रत्येकाचं फील्ड तोंडपाठ. "परवा तू त्या आजींकडे गेली नाहीस, का गं?" असं विचारणारे शिक्षक मोठ्या कॉलेजात किती मिळतील, मला शंका आहे. छोट्या कॉलेजचा हा मोठा फायदा. तोटाही तेवढाच मोठा. कॅम्पसला एकही कंपनी येत नाही, एकही मोठी संस्था येत नाही, आणि इंग्रजीत मुलाखत द्यायची म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या घशाला कोरड पडते.

त्यांचे पेपरही मी चाळून बघितले. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन पद्धती, कायदे, समाजकल्याण प्रशासन. आपल्याला बीमवर लोड आला की तो कुठून कुठे जातो हे शिकवतात. त्यांना माणसावर लोड आला की तो कुठून कुठे जातो हे शिकवतात. नवऱ्याची दारू बायकोच्या अंगावर येते, बायकोचं आजारपण मुलीच्या शाळेवर येतं. ताईच्या तोंडून हे ऐकताना मला आमचा लोड ट्रान्सफरचा धडा आठवायचा. स्लॅबवरून बीम, बीमवरून कॉलम, कॉलमवरून फुटिंग. फरक एवढाच की त्यांच्याकडे फॅक्टर ऑफ सेफ्टीचा तक्ता नाही.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर ताईनं सहा महिन्यांनी दिलं, दिवाळीच्या सुट्टीत. म्हणाली, "अण्णा, तुमच्या अडतीवर हमाल क्विंटलचं पोतं उचलतो. ते कुणी पण उचलील का? पाठ कशी द्यायची, गुडघ्यात कुठं वाकायचं, हे शिकावंच लागतंय ना? न शिकता उचललं तर पोतं पण पडतंय आणि माणूस पण." अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी भजनी मंडळाचा विषय काढला नाही.

हॉस्पिटलातलं एक उदाहरण तिनं सांगितलं होतं. नाव-गाव तिनं मलाही सांगितलं नाही, तो त्यांच्या कामातला पहिला नियम. ऊसतोड करणारं एक जोडपं, त्यांच्या मुलाचं ऑपरेशन. ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होण्यासारखं होतं, पण रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर मुलाच्या नावात एका कान्याचा फरक. टेबलावरचा माणूस म्हणाला, "दुरुस्त करून आणा." तहसील दीडशे किलोमीटर लांब, तोडीची उचल घेतलेली, मुकादमाचा रोज फोन. बाप म्हणाला, राहू द्या, घेऊन जातो लेकराला. डॉक्टरचं काम बरोबर होतं, टेबलावरच्या माणसाचंही नियमानं बरोबर होतं, आणि तरी पोरगं ऑपरेशन न होता परत निघालं होतं. ताई आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षक मॅडम दोन दिवस त्या कान्याच्या मागे लागल्या. कुठला दाखला चालतो, कुणाची सही चालते, गावाकडून कागद फोनवर कसा मागवायचा, मुकादमाशी कोण बोलणार. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. ऑपरेशन झालं. ताईनं यात एकही पैसा दान केला नाही, भाषण केलं नाही, फोटो काढला नाही. समाजसेवा आणि समाजकार्य यांतला फरक मला या गोष्टीतून जेवढा कळला तेवढा कुठल्या व्याख्येतून कळला नसता.

आता आमच्या सिव्हिलवाल्यांसाठी थोडं. माझं आजोळ भूकंपातलं गाव. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं बाकी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं आणि गावं झोपेत. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचं जड माळवद, असं बांधकाम होतं. ते तसंच अंगावर आलं. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. आपल्या अर्थक्वेक इंजिनिअरिंगच्या पेपरला यावर हमखास प्रश्न असतो.

आजोळच्या नव्या गावात रस्ते रुंद आहेत, घरं एका ओळीत आहेत. ती भूकंपात पडणार नाहीत अशी बांधली आहेत. इंजिनिअर म्हणून मला ते नकाशावर आवडतं. पण आज्जी अजूनही म्हणते, "घर चांगलंय रे बाबा, पण शेजार गेला." जुन्या गावात वाड्याला वाडा लागून होता, ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं. नव्या गावात भाऊबंद गावाच्या दोन टोकांना गेले. लोकांनी नंतर पत्रे टाकून, भिंती घालून, चूल बाहेर काढून घरं आपल्या सोयीची करून घेतली. ताई आणि मी एका सुट्टीत तिथं फिरत होतो तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, तुमच्या ड्रॉइंगमध्ये जे राहिलं होतं ते लोकांनी पत्र्यानं पूर्ण केलंय."

त्याच भूकंपानंतर आणखी एक काम झालं, जे मला ताईमुळे समजलं. ज्या गावांतली घरं पडली नाहीत पण खिळखिळी झाली, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना होती. पैसा सरकारचा आणि जागतिक बँकेच्या कर्जाचा. पण भिंतीला भोकं पाडून त्यात काँक्रीट कशाला भरायचं, हे घरमालकाला पटणार कसं? त्यासाठी गावातल्या महिला मंडळांना 'संवाद सहाय्यक' नेमलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम उभं केलं आणि प्रेमा गोपालन यांनी त्याचं नेतृत्व केलं. बायका घरोघर जाऊन तंत्र समजावत, कामावर नजर ठेवत, इंजिनिअरला प्रश्न विचारत. मित्रांनो, आपण चार वर्षं जे शिकतो ते माणसांच्या घरापर्यंत पोचवायला मधे कुणीतरी लागतं. तो 'मधला माणूस' घडवण्याचं शिक्षण म्हणजे ताईची डिग्री.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, ठीक आहे, चांगलं काम आहे, पण आपला काय संबंध? म्हणून गेल्या वर्षीची एक गोष्ट लिहितो. ज्याची आहे त्याला हा भाग आधी वाचायला दिला. त्यानं दोन शब्द बदलले आणि "छाप" म्हणाला.

आमच्या मजल्यावरचा एक मित्र. रिझल्ट लागला आणि त्याचं वर्ष गेलं. पहिले दोन दिवस सगळ्यांनी त्याला चहा पाजला, "अरे होतं असं" म्हटलं आणि आपापल्या सबमिशनला लागले. मग तो मेसला यायचा बंद झाला. दिवसा खोलीत अंधार करून झोपायचा, रात्री जागायचा. एका संध्याकाळी त्यानं त्याचं ड्राफ्टर आणि सगळी पुस्तकं ज्युनिअरना वाटून टाकली. "मला आता काय करायचीत" म्हणाला. मला ते वाक्य बरं वाटलं नाही. रात्री अकराला मी ताईला फोन लावला.

तिनं आधी प्रश्न विचारले. जेवतोय का? झोपतोय का? खोलीत एकटा आहे का? वस्तू कधीपासून वाटतोय? मग म्हणाली, "आज रात्री त्याला एकटं सोडू नको. सल्ला देऊ नको. 'सगळं ठीक होईल' म्हणू नको, तुला तरी कुठं माहीत आहे ठीक होईल म्हणून? नुसतं ऐक. आणि सरळ विचार, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का म्हणून."

मी म्हटलं, "असं विचारलं तर नसलेलं मनात यायचं."

"येत नाही. विचारल्यानं येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. आणि हे तुझ्या एकट्याच्या अंगावर घेऊ नको. आत्ताच रेक्टर सरांना उठव."

मी विचारलं. विचारताना माझेच हात थरथरत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग 'हो' म्हणाला. त्यानंतर तीन वाजेपर्यंत बोलत होता. घरचं कर्ज, वडिलांचा स्वभाव, पहिल्या वर्षापासून न समजलेलं गणित. मी फक्त 'हं' म्हणत होतो. रेक्टर सर बनियनवर उठून आले, ते दाराशी खुर्ची टाकून सकाळपर्यंत बसले. सकाळी सर स्वतः त्याला सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले. घरच्यांना बोलावलं. त्याचे वडील आले ते आमच्या कुणाच्याही कल्पनेपेक्षा वेगळे निघाले, आल्याबरोबर पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. महिनाभर तो घरी होता, औषध चालू होतं. आज तो आपल्यातच आहे, राहिलेले विषय त्यानं काढलेत.

त्याच आठवड्यात सरांनी मेसच्या भिंतीवर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावला. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मराठीतही बोलता येतं. बऱ्याच जणांना तो नंबर वाय-फायच्या तक्रारीचा वाटतो. तसा नाही, कृपया वाचून ठेवा.

त्या रात्री ताईचा पगार किती होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. आता त्याकडे येतो, कारण 'स्कोप'चा प्रश्न तिथंच आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर ताईपुढे दोन कामं आली. एक पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात एचआर विभागात, तेही ठेकेदारामार्फत, महिना बावीस हजार. दुसरं आमच्याच जिल्ह्यात, एका सरकारी कार्यक्रमाखाली हॉस्पिटलात समुपदेशक, साडेसतरा हजार, अकरा महिन्यांचं कंत्राट. घरात सगळ्यांचं मत पुण्याच्या बाजूनं. अण्णांनी मात्र कागद घेतला आणि मुनिमाच्या पद्धतीनं दोन रकाने पाडले. खोलीभाडं, मेस, बस, गावाकडं येणं-जाणं. खाली बेरीज आली तेव्हा पुण्यात हातात राहणारे पैसे जिल्ह्यापेक्षा कमी भरले. "मग जिथं मन लागतंय तिथं जा," म्हणाले. ताई हॉस्पिटलात रुजू झाली. मधे एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, "नोकरी पर्मनंट आहे का?" ताई म्हणाली, "नाही. तुमच्या मुलाची आहे का?" मुलगा खासगी कंपनीत होता. चहा झाला, पोहे झाले, पुढं काही झालं नाही. आई आठवडाभर ताईशी नीट बोलली नाही.

ज्यांच्या घरी कुणी भाऊ-बहीण या वाटेला जायचं म्हणत असेल त्यांच्यासाठी, ताईकडून आणि तिच्या वर्गमित्रांकडून जमवलेली माहिती देतो.

हॉस्पिटलं: सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षकाची पदं आहेत. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तिथं पेशंटचे कागद बघायला समाजकार्यकर्ता लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याची वेगळी व्याख्याच आहे, पण त्यासाठी एम.एस.डब्ल्यू.नंतर पुढचं विशेष शिक्षण घ्यावं लागतं.

महिला आणि बालकं: मुंबईत १९८४ साली टिसनं पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथं पोलीस यंत्रणेच्या आत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात. पुढे तो राज्यात इतरत्र पसरला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी आले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी स्त्री. शिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनसुद्धा १९९६ साली मुंबईत टिसच्या एका प्रकल्पातूनच निघाली.

कारखाने: १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशे किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा अडीचशेवर आणला आहे. एम.एस.डब्ल्यू.ला मनुष्यबळ व्यवस्थापन घेणारी मुलं इकडं वळतात. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ही सीएसआरची कामं, पगार इतरांपेक्षा बरे, पण इंग्रजी आणि रिपोर्ट लिहिणं पक्कं पाहिजे.

आणि आता दुसरी बाजू. यातली बरीचशी पदं कंत्राटी भरली जातात. अकरा महिने, मग नवा आदेश येईपर्यंत जीव टांगणीला. डॉक्टर-वकिलांना असते तशी परिषद आणि नोंदणी सर्व समाजकार्यकर्त्यांना आपल्या देशात नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यानं हॉस्पिटलांत आणि मनोविकार क्षेत्रात काम करणाऱ्यांना यादीत घेतलं, एवढंच. त्यामुळं "हे काम कुणी पण करील" म्हणून ज्याला त्याला नेमता येतं आणि पगार खाली राहतो. ताईच्या चाळीसच्या वर्गातले जे तिच्या संपर्कात आहेत, त्यांतले काही संस्थांत आहेत, काही बचत गटांच्या कामात, दोघं-तिघं कारखान्यांत, एक जण स्पर्धा परीक्षा देतोय आणि एक जण वडिलांचं किराणा दुकान बघतोय. तो म्हणतो, उधारी वसुलीला गटकार्य फार उपयोगी पडतं!

कॉलेज छोटं आहे का मोठं, हे ताईच्या मते तिसऱ्या क्रमांकावर. आधी बघायचं ते फील्डवर्क कुठल्या संस्थांत मिळतं आणि दर आठवड्याला मार्गदर्शक खरंच बसवून घेतात का. मग कोणतं स्पेशलायझेशन शिकवायला माणूस आहे. फक्त माहितीपत्रकात असून भागत नाही. आणि विद्यार्थ्यानं स्वतःला विचारायचं, की दुसऱ्याचं दुःख रोज ऐकून रात्री आपल्याला जेवण जाईल का. "जाणार नसेल तरी हरकत नाही," ती म्हणते, "पण मग ते सरांना सांगता आलं पाहिजे. जो सांगत नाही तो दोन वर्षांत एक तर सोडून जातो, नाहीतर दगड होतो."

मला येत्या जूनपासून एका बांधकाम कंपनीत साईटवर जायचं आहे. पहिल्या पगारात ताईला दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे मिळणार. हे अण्णांनी एकदा हिशोबाच्या ओघात म्हणून दाखवलं आणि मग स्वतःच गप्प झाले. ताई हसली. म्हणाली, "भूसंपादन झालेल्या गावात साईट असली की मला फोन कर. लोक तुझ्याशी काय बोलत नाहीत ते मी सांगते."

तिचं कंत्राट मार्चमध्ये संपतं. नवा आदेश येईल का, आला तर कधी येईल, कुणालाच सांगता येत नाही. समाजसेवा अधीक्षकाच्या जागांची जाहिरात निघाली तर असावा म्हणून ती रात्री दहा ते बारा अभ्यास करते. सकाळी नऊला पुन्हा वॉर्डात असते. फोन केला तर म्हणते, "बारानंतर कर. किंवा काही अर्जंट असेल तर आत्ता बोल."